बंद दाराआडचे संवाद

ब्रिटनची राणी एलिझाबेथ दर आठवड्याला पंतप्रधानांना भेटत असे. खोलीत तिसरे माणूस नाही, टिपण नाही. आम्ही कारकून माणसे. इतिवृत्तात नाही ते झालेच नाही, असे मानणारे. नाटककाराला मात्र अशी कोरी जागा म्हणजे मोकळे रान! पीटर मॉर्गन यांनी त्या भेटींवर २०१३ मध्ये 'द ऑडियन्स' नाटक आणले, आणि २०१६ ते २०२३ 'द क्राउन' मालिकेतही त्या दाखवल्या. संवाद अर्थातच त्यांचे. कल्पनेला आमची हरकत नाही. पण त्या कोऱ्या जागेत कोणाला बसवले, हे पाहायला नको का?

१९८६ सालचेच घ्या. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना मत नाही. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, बसायचे बाकडेसुद्धा वेगळे. मंडेला १९६२ पासून तुरुंगात. राष्ट्रकुलातील देश म्हणत होते, व्यापारी निर्बंध घाला. थॅचरबाई अडून बसल्या. जुलैमध्ये 'संडे टाइम्स'ने छापले की राणी बाईंवर नाराज आहे. राजवाड्याने इन्कार केला. मालिकेत या दोघींची चांगलीच जुंपते. अभिनय उत्तम, पण पाहणाऱ्याला वाटावे की भांडण दोघींच्या मानापमानाचे होते. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या, ती माणसे पडद्याच्या कडेलाच राहतात.

२०२२ मध्ये आपल्या तोंडी घातलेल्या संवादांवरून माजी पंतप्रधान जॉन मेजर यांच्या कार्यालयाने जाहीर निषेध केला. सोवेटोतल्या आईला कुठले कार्यालय?

आता ज्याची नोंद आहे ते पाहा. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी. ऑगस्ट १९८६ मध्ये लंडनला राष्ट्रकुलाचे सात नेते बसले. राजीव गांधी, झांबियाचे कौंडा, कॅनडाचे मलरोनी धरून सहा जण कडक निर्बंधांच्या बाजूचे, आणि समोर थॅचरबाई एकट्या. नव्या गुंतवणुकीवर ऐच्छिक बंदी, असल्या थोडक्या गोष्टींवर त्यांनी बोळवण केली. ११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला सुटले, आणि त्याच महिन्यात बाईंच्या सरकारने तीही बंदी उठवली. कृष्णवर्णीयांच्या हाती मतपत्रिका यायला तेव्हा अजून चार वर्षे होती.