काडतुसांचें पितळ व त्याची परीक्षा

नवी वस्तु म्हणजे निर्दोष वस्तु, अशी एक समजूत आपल्या बाजारांत फार दिवसांपासून रूढ आहे. तांब्या घेतांना गिऱ्हाईक तो वाजवून पाहतें, बुडाचा जोड न्याहाळतें, वजन करवितें; पण जी वस्तु कारखान्याच्या शिक्क्यासह बंद पेटींतून येते ती तपासण्याचें त्यास सुचत नाहीं. बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळी ही अशीच एक वस्तु होय. तांब्या गळका निघाला तर चार पैशांचें नुकसान. पुंगळी फुटली तर बंदूक ज्याच्या गालाशीं आहे त्याच्या डोळ्यावर बेततें. म्हणून या विषयाचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुंगळीचें पितळ शेंकडा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त अशा मिश्रणाचें असतें. प्रथम पत्र्याची एक वाटी करितात, व ती साच्यांतून पुनः पुनः ओढून लांब करितात. धातु ठोकली किंवा ओढली म्हणजे कठीण होते व पुढें चिरूं लागते, हें पुण्याच्या तांबट आळींतील कोणाही कारागिरास सांगावयास नको. म्हणून ओढीच्या मधूनमधून ती तापवून मऊ करावी लागते. खरी अडचण शेवटीं येते. एकाच पुंगळीचीं दोन टोकें दोन स्वभावांचीं ठेवावयाचीं असतात. बूड कठीण पाहिजे, म्हणजे टोपी घट्ट बसते. गळा मऊ पाहिजे, म्हणजे बार उडतांच तो फुगून नळीस चिकटतो व जाळ मागें येत नाहीं. बूड मऊ राहिलें तर थोड्याच बारांत टोपीचें घर सैल होतें. गळा कठीण राहिला तर तो चिरतो. भिंत एकीकडे जाड व एकीकडे पातळ झाली तर गोळी सरळ बसत नाहीं. टोपींतून दारूकडे जाळ नेणाऱ्या भोंकाशीं धातूची कोर राहिली तर दारू सारखी पेटत नाहीं. यांपैकीं बहुतेक दोष वरून पाहून कळत नाहींत. आपल्या भाषेंत ‘पितळ उघडें पडणें’ असा वाक्प्रचार आहे; येथें तें उघडें पडतें तें बहुधा बार उडाल्यावरच.

यांत एक मौज आहे. गळा शेवटीं तापविला म्हणजे त्यावर निळसर-तपकिरी डाग पडतो. लष्करी पुंगळ्यांवर हा डाग राहूं देतात, कारण तोच तापविल्याचा पुरावा. पुष्कळ व्यापारी कारखाने मात्र तो घांसून काढितात. गिऱ्हाइकास चकाकी हवी असते! जी खूण पाहून माल घ्यावयाचा, तीच खोट समजून गिऱ्हाईक माल परत करतें.

हे दोष नवे नव्हत. १८८५ सालच्या सुदानच्या मोहिमेंत इंग्रजी शिपायांच्या मार्टिनी बंदुका ऐन लढाईंत अडकल्या. तेव्हांची पुंगळी पातळ पत्रा गुंडाळून केलेली असे. बार उडाल्यावर ती ओढतांना बूड हातीं येई व नळी आंतच राही. याहून विलक्षण प्रकार आपल्या देशांत घडला. इंग्रजी अमलांत पावसाळ्यामध्यें पागांजवळच्या कोठारांत ठेवलेलीं काडतुसें, एकही बार न उडतां, गळ्याशीं चिरलेलीं आढळत. कारखान्यांत तीं चांगलीं म्हणून पास झालेलीं असत. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनीं १९२१ सालीं या व्याधीचें निदान विस्तारानें मांडलें. धातु ओढतांना व आवळतांना तिच्यांत ताण कोंडून राहतो. त्यावर दमट हवा व घोड्यांच्या मुतापासून उत्पन्न होणारा अमोनिया यांचा मारा झाला कीं पितळ आपोआप चिरतें. उपाय साधा निघाला. तयार पुंगळी सुमारें २५० ते ३०० अंशांपर्यंत तापविली म्हणजे ताण उतरतो. परीक्षाही साधीच: पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावांत पुंगळी बुडवावी, ताण फार असेल तर ती थोड्याच वेळांत चिरते. म्हणजे दोष अदृश्य असला तरी अज्ञेय नाहीं. शोधण्याची इच्छा मात्र पाहिजे.

अमेरिकेंत हौशी नेमबाज रिकाम्या नव्या पुंगळ्या विकत घेऊन घरीं टोपी, दारू व गोळी भरतात. ते प्रत्येक पुंगळी तोलतात, गळ्याची जाडी मापतात, आंतली कोर काढितात, आणि लॉट वाईट निघाला तर कारखान्याचें नांव घेऊन बोभाटा करितात. तेथें प्रत्येक गिऱ्हाईक परीक्षक आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसें तयार करणें १९५९ च्या शस्त्र कायद्यानें वर्ज्य आहे, व तें योग्यच आहे. परंतु ज्या अर्थीं गिऱ्हाइकाच्या हातची परीक्षा कायद्यानें काढून घेतली, त्या अर्थीं ती सरकारनें दुप्पट कसोशीनें केली पाहिजे.

ती तशी होते काय? हा प्रश्न महाराष्ट्रास विशेष जवळचा आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. जळगांव जिल्ह्यांत वरणगांव आहे. आणि काडतुसांच्या पितळी वाट्या अंबरनाथेस होतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं जुनें आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी व वरणगांव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबरनाथ नागपुरच्या यंत्र इंडियाकडे. पूर्वीं एका छपराखालीं होतें तें पितळ आतां एका कंपनीचें व काडतूस दुसरीचें झालें. उद्यां गळा चिरला तर एक म्हणेल वाटी वाईट, दुसरी म्हणेल ओढ वाईट. आणि सरकारी माल तपासणारें गुणवत्ता महानिदेशालय हें या दोहोंप्रमाणेंच संरक्षण-उत्पादन खात्याच्या हाताखालीं! शिकविणारा, परीक्षा देणारा व गुण देणारा एकाच घरचे असले म्हणजे निकालावर बाहेरच्यांचा विश्वास कसा बसावा?

लष्करी गोष्टींचा गवगवा नको, असें यावर कोणी म्हणतील. किती काडतुसें कोठें ठेविलीं हें आम्हीं विचारीत नाहीं. महालेखापरीक्षकांनीं २०१५ सालीं लष्कराच्या दारूगोळ्यावर छापील अहवाल दिला, आणि निर्माणी मंडळाच्या मालाची उपलब्धता व गुण यांत म्हणण्यासारखी सुधारणा नाहीं असें २०१७ सालीं पुनः लिहिलें. हें सारें संसदेपुढें आलें; त्यानें शत्रूचें कांहीं साधलें नाहीं. मग कोणत्या लॉटपैकीं किती पुंगळ्या पाऱ्याच्या परीक्षेंत चिरल्या, बुडाचा कठीणपणा किती भरला, एवढें निदान परवानेदार नागरिकांस विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या पेटीवर छापावयास हरकत कोणती? आणि परीक्षक त्या खात्याबाहेरचा असावा, ही आमची मागणी आहे.

तोंपर्यंत परवानेदार शेतकऱ्यांनीं व दुकानदारांनीं आपल्यापुरतें एक करावें. काडतुसें गोठ्याच्या भिंतीशीं, युरियाच्या पोत्यांजवळ किंवा ओल्या कोनाड्यांत ठेवूं नयेत. अमोनियाच्या पाण्यानें पितळ उजळण्याच्या भानगडींत पडूं नये. आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक पेटी उघडून गळे उजेडांत पाहावेत. केसासारखी चीर दिसली तर तें काडतूस बंदुकींत घालूं नये, व लॉटचा आंकडा टिपून घेऊन लेखी तक्रार करावी.