जखमेवर शेणाचा लेप कशासाठीं?

कळवणच्या कांद्याच्या बाजारांत ट्रॉलीच्या पत्र्यानें हमालाचा हात कापतो, शेतांत विळा पायाला लागतो; अशा वेळीं हाताशीं सांपडेल तें जखमेवर दाबण्याची आपल्याकडे रीत आहे. कोणी चुना भरतो, कोणी तंबाखू, कोणी राख, तर कोणी शेणहि. हा उपचार नव्हे, अपाय होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. माती व शेण यांत धनुर्वाताचे बीजाणू असतात, आणि उघडी जखम हेंच त्यांचें प्रवेशद्वार. हळदीच्या गुणांविषयीं आम्हांस आदर आहे. पण डब्यांतील हळद निर्जंतुक नसते.

रीत पूर्वापार आहे, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं. पुरावा तपासला पाहिजे. ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यांनीं १८६७ सालीं कार्बॉलिक आम्लानें जखमेंतील जंतू मारण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं त्यांच्याकडील ३५ अवयवच्छेदांपैकीं १६ रोगी दगावले होते. पुढील ४० पैकीं अवघे ६ दगावले.

दाखला महाराष्ट्रांतलाच हवा असेल, तर गडचिरोलीकडे पाहावें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत खेड्यांतील स्त्रियांना नवजात अर्भकांची निगा व जंतुसंसर्गावरील उपचार शिकविले. १९९५ ते १९९८ या काळांतील प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचा मृत्युदर तुलनेच्या गांवांच्या मानानें ६२ टक्क्यांनीं घटला. हें यश एकट्या जंतुनाशकाचें नव्हे, प्रतिजैविकांचाहि त्यांत मोठा वांटा आहे. तथापि योग्य ज्ञान सामान्य हातांत दिलें असतां प्राण वांचतात, हें त्यावरून निर्विवाद ठरतें.

मग करावयाचें काय? प्रथम आपले हात साबणानें धुवावे. जखम स्वच्छ वाहत्या पाण्यानें धुवून माती काढावी. कारण घाण राहिल्यास औषधाची शक्ति तिच्यांतच खर्च होते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधावी. मात्र जंतुनाशक वरच्या जंतूंचाच नाश करतें. धनुर्वाताच्या बाबतींत त्यावर विसंबूं नये, लस घ्यावीच. घाव खोल असेल, पू किंवा ताप आला असेल, तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

आमच्या व्यापारी बंधूंना एवढेंच सांगणें आहे कीं, प्रत्येक पेढीवर तराजूशेजारीं साबण, पाणी, पट्टी आणि आयोडीनची एक बाटली असावी. खर्च क्षुल्लक आहे. ज्यांच्या श्रमांवर बाजार उभा आहे, त्यांच्या जखमेची काळजी घेणें हा उपकार नव्हे. तें आपलें कर्तव्यच आहे.