मुदत सरलेला केसपेपर

पावसाळा सरल्यापासून मीरा रोड, भाईंदर व उत्तन येथील सभासद डॉक्टरांची जी पत्रे येत आहेत, त्यांतील तक्रार एकच आहे: ज्वर एका केसपेपरवर, त्वचा दुसऱ्यावर, आणि दोहोंची सांगड घालणारा कागद रुग्णाच्या हाती नाही.

गेल्या महिन्यात उत्तनची एक मासेविक्रेती आमच्यापुढे येऊन बसली, तेव्हा तिच्या गालांवर लाल चट्टे होते, टाळ्यावर व्रण होते आणि बर्फातले पापलेट उचलणारी बोटे सकाळी मिटत नव्हती. एएनए पॉझिटिव्ह होता, म्हणजे संशय स्वप्रतिरक्षी व्याधीचा. परंतु चिकुनगुन्याही सांधे, तोंड व चेहरा या तिन्हींना ग्रासतो, आणि विषाणुज्वरानंतर एएनए काही काळ दिसून मावळतोही. चिकुनगुन्याचे आयजीएम महिनोन्महिने टिकत असल्याने आज ते तपासून निवाडा होत नाही. ताप कोणत्या तारखेस आला आणि त्या वेळी लघवीत प्रथिने होती की नव्हती, हे ठाऊक असावे लागते. नेमका तो मजकूर ज्यावर होता तो केसपेपर, पंधरा दिवसांची मुदत संपली म्हणून, एका रुग्णालयाच्या खिडकीवर काढून घेण्यात आला होता आणि नवा नंबर घालून कोरा कागद तिच्या हाती ठेवण्यात आला होता. तिच्या लघवीत आज प्रथिने आहेत. केव्हापासून, हे सांगणारे दप्तर उरलेले नाही.

तापानंतर तिसऱ्या, सहाव्या आठवड्यात जी स्वप्रतिरक्षी व्याधी त्वचेवर प्रकटते, तिच्यासाठी पंधरा दिवसांचा कागद पुरेसा आहे, असे कोणत्या वैद्याला विचारून ठरले? 1973 साली बार्शीला चिकुनगुन्याची साथ होऊन गेली, 2006 साली ती पुन्हा उसळली, आणि त्या खेपेस जुना सोरायसिस बळावल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केल्या. तरीही तापाच्या नोंदवहीत रुग्णाचे पुढे काय झाले, यासाठी रकाना नाही. अधिकाऱ्यांनी केसपेपरची ही मुदत किमान सहा महिन्यांची करावी, आणि तीही येत्या पावसाळ्याआधी.

मात्र सभासदहो, चट्टा दिसताच ‘ॲलर्जी’ लिहून प्रेडनिसोलोन देणारे हात आपल्यातलेच आहेत. ते थांबवा. तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर पहिल्याच ओळीत तापाची तारीख व चाचणीचा निकाल लिहा, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, आणि तोच रुग्ण चट्टे घेऊन परतला तर स्टेरॉइडआधी लघवी तपासा.