घरोघर फोन, पण कोणाचा?

मोबाइलनें खेडें व शहर यांतील अंतर मिटविलें, हें वाक्य आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं इतकें रुळलें आहे कीं, त्याचा पुरावा मागणें हाच अशिष्टपणा ठरावा. तो पत्करून मी म्हणतों कीं, हें अर्धसत्य आहे, आणि शहरांत बसून बोलतां येतें म्हणूनच तें इतकें गोड लागतें.

त्यांतील सत्याचा भाग नाकारण्याचें कारण नाहीं. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ पासून मोबाइल सुरू झाला, तेव्हां कोळी भर समुद्रांतून बंदराबंदराचे भाव विचारूं लागले. एका बंदरांत गिऱ्हाईक नाहीं म्हणून तारली फेंकून द्यावी आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरांत ती मिळूं नये, हा प्रकार जवळजवळ थांबला. कोळ्याचा नफा वाढला, गिऱ्हाइकासही मासळी स्वस्त पडली. रॉबर्ट जेन्सेन या अर्थशास्त्रज्ञानें २००७ मध्यें हें सप्रमाण दाखविलें. परंतु तेथें फोन हें कोळ्यानें आपखुषीनें घेतलेलें हत्यार होतें. ज्याजवळ तें नव्हतें त्याची समुद्राची वाट कोणीं अडविली नव्हती.

आतां २०२१ चा मे महिना आठवावा. १८ ते ४४ वयाच्या माणसास कोविडची लस हवी, तर ‘कोविन’वर आधीं नांव नोंदविल्यावांचून ती मिळेना. परिणाम काय झाला? पुण्यामुंबईकडील चलाख बोटांनीं आसपासच्या खेड्यांतील केंद्रांच्या जागा क्षणार्धांत पटकाविल्या, मोटारी आरोग्यकेंद्रांच्या दारीं लागल्या, आणि गांवकरी आपल्याच गांवची लस परक्यांच्या दंडांत टोंचली जातांना पाहत राहिले. आमच्यापैकीं कितीजणांस त्या प्रवासाची लाज वाटली, कोण जाणे! सर्वोच्च न्यायालयानेंही या विषमतेबद्दल सरकारास जाब विचारला. २४ मे रोजीं सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची सवलत जाहीर झाली.

‘घरटी एक फोन आहे ना?’ असें विचारणारांनीं तो कोणाच्या खिशांत असतो तेंही विचारावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, स्वतः वापरावयाचा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया शहरांत शेंकडा ६९, तर खेड्यांत शेंकडा ४७च भरल्या. धनी सकाळीं तो घेऊन बाजारास गेला कीं घरची बाई पुन्हां मुकीच.

यावर ठराविक उत्तर असें कीं, एका क्रमांकावर चार नांवें नोंदवितां येत होतीं; शेजाऱ्याचा फोन मागावयाचा होता. लस म्हणजे काय विरजण आहे, शेजारून वाटीभर आणावयास? ओटीपी येईल त्या घटकेस तो शेजारी कोठें असावा, आणि त्याच्याच घरांत चार माणसें असलीं तर पांचव्यानें कोणाच्या दारीं जावें? ज्यांस फोन सोयीचा त्यांनीं तो खुशाल वापरावा. परंतु सरकारी खिडकीशीं एक माणूस, एक वही व एक लेखणी राहिलीच पाहिजे, आणि त्या वहींत नांव लिहिलेल्यास रांगेंत मागें लोटतां कामा नये.