शितावरून कोडची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आम्हा गोंदियाकडच्यांना कोणी शिकवायला नको. जिकडे बघावं तिकडे राइस मिल! पण शितावरून कोडची परीक्षा होत नाही, हे कळायला मला एक शेतकरी भेटावा लागला.

झालं असं, की ओळखीच्या एका धान-व्यापाऱ्याला मी हौसेनं पायथॉनमध्ये वजन-पावतीचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला, तर जितका जास्त तितकीच कपात, एवढाच नियम. (सरकारी खरेदीतही धानाला मर्यादा १७ टक्क्यांचीच.) टेस्ट लिहिल्या, कव्हरेज ९१ टक्के आलं, मी खूश.

मग ऐन कापणीत अवकाळी पाऊस झाला आणि पहिल्यांदाच १८ टक्के ओलाव्याचा माल काट्यावर आला. प्रोग्रॅमनं १ टक्का कापायच्या ऐवजी अख्खे १८ कापले. म्हणजे १० क्विंटलवर १० किलोऐवजी १८० किलो! शेतकऱ्यानं पावती बघून तिथल्या तिथे विचारलं, "पाणी कापा ना भाऊ, धान काऊन कापता?" पावती लगेच दुरुस्त झाली, पण मान खाली गेली ती गेलीच.

चुकलेली ओळ उरलेल्या ९ टक्क्यांत होती. माझ्या टेस्टमधलं सगळं धान कोरडं ठणठणीत! एचटीएमएल रिपोर्टमध्ये ती ओळ लाल दिसतही होती. पण तो उघडतो कोण? दोन दिवस हौस, नंतर फक्त एकूण टक्के.

म्हणून माझं मत असं, की रिपोर्ट आधी मशीनसाठी काढा. 'कव्हरेज एक्सएमएल' ही कमांड दिली की कोबर्टुरा पद्धतीची फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक ओळीचा नंबर आणि ती टेस्टमध्ये चालली की नाही, एवढंच असतं. जावासाठी जाकोको आणि सीसाठी एलकॉव्हही अशा फाइली देतात. मग डिफ-कव्हरसारखं टूल ही फाइल गिटमधल्या बदलांशी ताडून बघतं आणि नव्या ओळींपैकी कुठल्या टेस्टशिवाय राहिल्या ते सांगतं. ठरवलेल्या टक्क्यांखाली गेलात, तर बिल्ड अडवता येतं. मशीनला कंटाळा येत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण मॅनेजर मंडळी, हाच आकडा अप्रेझलमध्ये घालू नका. घातलात, की लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात. फाइल 'ओळ चालली' एवढंच सांगते, 'बरोबर चालली' असं नाही. मी ती ओळ नुसती चालवून उत्तर तपासलं नसतं, तर फाइलमध्ये तीही चाललेली दिसली असती आणि १८० किलो तसेच कापले गेले असते.

पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजतात. कोडच्या ओळींचं तसं नसतं. त्या एकेक मोजाव्या लागतात. मोजायचं काम मशीनला द्या, चाखायचं आपल्याकडे ठेवा. बघा पटतंय का :)