मोठा प्लॅन घेण्याआधी नेट कोण खातंय ते बघा



दुकानातलं नेट स्लो झालं की आपल्याकडं दोनच उपाय ठरलेले आहेत. एक, काउंटरवरच्या पोराला बोलायचं, "रील बघत बसतोस काय रे?" दोन, नेटवाल्याला फोन करून शंभरचा प्लॅन दोनशेचा करून घ्यायचा. माझं मत स्पष्ट आहे. आधी यातलं काहीच करू नका. गल्ल्यात हजार रुपये कमी भरले तर तुम्ही लगेच कर्ज काढायला पळत नाही, आधी कीर्द उघडता. नेटचीही कीर्द असते, फक्त ती कुणी उघडत नाही.

गडहिंग्लजमधल्या एका खत-बियाण्याच्या दुकानाचं सांगतो. तीन काउंटर, आतल्या खोलीत टॅलीचा डेटा ठेवलेला एक कॉम्प्युटर, त्यालाच ते सर्व्हर म्हणतात. तक्रार अशी की नेट मध्येच झोपतं, ई-वे बिल निघत नाही, शेतकरी टेम्पो लावून उभा. मालकांचा संशय पोरावर. दिवाळीनंतर त्याला काढायचं जवळजवळ ठरलं होतं. मी एवढंच विचारलं, नेट झोपतं ते कधी? पोरानंच उत्तर दिलं, "सर, दर अर्ध्या तासानं. दहा मिनिटं."

अर्ध्या तासाचं घड्याळ लावून कुणी रील बघत नाही. असं वेळेवर चालणारं काम मशीनचं असतं.

सर्व्हरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला, त्यात नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. आणखी खोलात जायचं तर स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा, त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये सेंड आणि रिसीव्ह वेगवेगळं दिसतं. तिथं चोर सापडला. टॅलीचा बॅकअप दर अर्ध्या तासाला तयार व्हायचा, आणि तो ज्या फोल्डरमध्ये पडायचा तो फोल्डर क्लाउडला जोडलेला होता. फाइल साधारण ७०० एमबीची, अपलोड १० एमबीपीएसचा. आता हिशोब करा. एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे ७०० ला ८ नं गुणा, १० नं भागा, ५६० सेकंद. नऊ मिनिटं आणि थोडी. पोरगं म्हणत होतं तेच. बॅकअप रात्री साडेआठला एकदा असा लावला, काम संपलं. पोरगं अजून तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल, अपलोड भरला तर बिल डाउनलोड व्हायला का अडतं? आपण माल उतरवून घेतला की पोचपावती परत पाठवतो ना, तसंच आहे. आलेल्या डेटाची पोच तुमच्या कॉम्प्युटरला उलट पाठवावी लागते. जाण्याचा रस्ताच तुंबला तर पोच अडकते आणि समोरचा पुढचा माल सोडत नाही. म्हणून स्पीड टेस्ट करताना नुसता डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका.

दुसरा मोठा खाणारा कॅमेरा. तो टास्क मॅनेजरमध्ये दिसणार नाही, कारण तो कॉम्प्युटरवर चालतच नाही. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं चोवीस तास क्लाउडवर पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे धरले तर महिन्याला २,५९२ जीबी. बऱ्याच फायबर प्लॅनवर अनलिमिटेड लिहिलेलं असतं, पण ३,३०० जीबीनंतर स्पीड उतरतो. धंद्याला काय उरलं बघा! रेकॉर्डिंग दुकानातल्या हार्डडिस्कवरच होत असेल तर एवढा खर्च नाही, पण घरी टीव्हीवर दिवसभर दुकान लावून बसणारे मालकही मी बघितलेत.

राउटरमध्ये कोण किती खातं हे दिसत असेल तर उत्तम. नाही दिसलं तर देशी पद्धत वापरा. दुकान बंद झाल्यावर स्पीड टेस्ट करा, मग एकेक वायर काढा आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून परत टेस्ट करा. ज्या वायरीनंतर आकडा उडी मारतो, ती वायर कुठं जाते बघा.

आजरा-चंदगडकडच्या काही काजूवाल्यांनी आता ऑनलाइन विक्रीसाठी भाड्यानं लिनक्स सर्व्हर घेतलेत. त्यांच्या वेबसाइटवाल्याला तीन नावं सांगा. नेटहॉग्ज कोणता प्रोग्राम खातोय ते दाखवतं, आयएफटॉप कोणत्या पत्त्याशी देवाणघेवाण चालली आहे ते दाखवतं, आणि व्हीएनस्टॅट रोजचा, महिन्याचा हिशोब ठेवतं. व्हीएनस्टॅट आजच टाकायला सांगा, कारण ते टाकल्याच्या दिवसापासूनच लिहायला लागतं, मागचं सांगत नाही.

आणि काहीच कारण सापडत नसेल, पण अपलोड सतत भरलेला असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेऊन डिन नावाच्या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला, ट्विटर-नेटफ्लिक्ससुद्धा अडकले. ती मशीनं साध्या दुकाना-घरांतलीच होती, कंपनीतून आलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता. आपल्याकडं डीव्हीआर बसवणारा माणूस अजूनही ॲडमिन आणि १२३४५ ठेवून जातो, आणि आपण त्याला चहा पाजून पाठवतो. आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तो पासवर्ड बदला, डीव्हीआर बंद करून परत चालू करा, आणि मग अपलोडचा आकडा बघा.