पार्श्वसंगीताला वाली कोण?

गाणे लक्षात राहते, पार्श्वसंगीत विसरले जाते; डोळ्यांत पाणी मात्र बहुधा तेच आणते. राष्ट्रीय पुरस्कारांनाही ही जाण उशिराच आली. २००९ च्या चित्रपटांपासून गीते आणि पार्श्वसंगीत यांचे पुरस्कार वेगळे झाले आणि ‘पळश्शी राजा’साठी इळयराजा यांना पार्श्वसंगीताचा मान मिळाला. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. मराठीत असा खर्च अपवादच. मालिकांत तर सासूच्या प्रत्येक कटाक्षाला तोच ठरीव ‘धडाम्’!

प्रश्न मोबदल्याचाही आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराला स्वामित्वधनाचा हक्क दिला. परंतु चित्रपटगृहातील प्रदर्शन त्यातून वगळले. तिथे एकरकमी मानधन हाच आधार. आता कृत्रिम बुद्धिमत्ता ‘करुण, संथ, सारंगी’ एवढ्या सूचनेवर काही क्षणांत सुरावट तयार करून देते. ‘सुनो’ आणि ‘युडिओ’ यांच्यावर बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत खटले भरले. त्यांतील काही पुढे तडजोडीने मिटले. तडजोड कंपन्याकंपन्यांत झाली. शिफ्टवर वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकाची पहिली धास्ती आहे ती पुढच्या महिन्याच्या कामाची.